डावा हात पोटावर

मिनल: पप्पा, आधी कबूल करा की चिडणार नाही. कंपनीत तुम्हाला टोकनभाऊ म्हणतात, हे खरंय का?

पप्पा: कोण म्हणलं तुला?

मिनल: म्हणजे खरंय. जिंकले मी. अपेक्षा आणि नेहा म्हणत होत्या, तुझ्यात दम असेल तर घरी जाऊन विचारून दाखव. मी म्हटलं, भरल्या विहारात माइकवर बोललेय, सख्ख्या बापाला विचारायला काय घाबरायचं?

मम्मी: चौदा एप्रिलला त्या माइकला हात लावला, तवापास्नं हिच्या तोंडाला झाकण न्हाई. दप्तर तरी ठिव खाली. शनवारची शाळा सुटली अन् बापाची चौकशी घिऊन आली. अवं, तुमी जेवा बघू. बस यायची येळ झाली तुमची.

पप्पा: अपेक्षा म्हणजे समाधानची पोरगी ना? आमच्या इथल्या फोर्कलिफ्टवाल्याची?

मिनल: तीच. समाधानकाका जेवताना घरी सगळं सांगतात. तुमच्यासारखं नाही. तुम्ही घरात पाय टाकला की तुमची कंपनी जणू चाकणला नाही, चंद्रावर आहे.

पप्पा: म्हणायचे टोकनभाऊ. आता म्हणत नाहीत. झालं तुझं?

मिनल: झालं कुठे? टोकन म्हणजे काय ते सांगा ना.

पप्पा: आमच्या लाईनला एकच बिल्ला आहे, पितळेचा. खिळ्याला लटकवलेला असतो. ज्याला संडासला जायचंय त्यानं तो घेऊन जायचा. तो परत खिळ्यावर येईस्तोवर दुसऱ्यानं जागा सोडायची नाही. असा कायदा केलाय सुपरवायझरनं.

मम्मी: आन् ह्येंचं पोट ह्ये असं. आत्ता बी गुरगुरतंय बघ, दारात कुत्रं बसल्यावानी.

मिनल: मग आता टोकनभाऊ का म्हणत नाहीत? पोट बरं झालं?

पप्पा: झालं म्हण.

मम्मी: व्हायालाच पायजे. मी काय कमी करती का? डॉक्टरनी दुर्बिणीनं बघितलं, रक्त बघितलं, म्हणले आतड्यात खराबी काय न्हाई, आयबीएस हाय, फायबर वाढवा. त्या दिसापास्नं घरात भात बंद, बटाटा बंद. गिरणीतनं गव्हाचा कोंडा आणती अन् चपातीत मळती. वर मुळा, कोबी, काकडी, समदं कच्चं. मोडाची मटकी. आता अजून काय फायबर घालू, सुतळी घालू का?

मिनल: मम्मी, तू जरा खाली बस. मला तेच सांगायचंय, आणि तू रडायचं नाहीस.

मम्मी: मी कशाला रडती? कांदा चिरायला तेवढा ठिवलाय.

मिनल: आज शाळेत आहाराच्या मॅडम आल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय का. सगळ्या पोरी माना खाली घालून बसल्या. मी उठले. म्हटलं, माझ्या पप्पांना आयबीएस आहे, घरात रोज फायबर शिजतंय, तरी पप्पा वाळत चाललेत, असं का?

पप्पा: भर वर्गात?

मिनल: हॉलमध्ये. दोन तुकड्या एकत्र होत्या.

पप्पा: अरे देवा. समाधानच्या पोरीसमोर माझ्या पोटाचं पुराण?

मिनल: तिला आधीच माहीत होतं, पप्पा. सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं.

मम्मी: मग काय म्हणल्या त्या मॅडम?

मिनल: त्यांनी आधी मला विचारलं, घरी फायबर म्हणजे काय काय खातात? मी कोंडा म्हटलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. मम्मी, फायबर दोन जातीचं असतं. एक पाण्यात विरघळतं. खळीसारखं बुळबुळीत होतं आणि आतड्यातून अलगद सरकतं. ते ओट्समध्ये असतं, रताळ्यात, साल काढलेल्या बटाट्यात, शिजवलेल्या गाजरात. इसबगोल तर बहुतेक सगळं तसलंच. दुसरं विरघळत नाही. कोंडा, साली, कच्चा मुळा, कोबी. ते खराट्यासारखं असतं. चांगल्या पोटाला खराटा चालतो. पण पप्पांचं आतडं हळवं आहे. मॅडम म्हणाल्या, हळव्या आतड्यात खराटा फिरवला तर ते कळवळणारच.

मम्मी: म्हंजी इतकं दीस मी ह्येंच्या पोटात खराटा फिरवती व्हय?

मिनल: तुला काय माहीत होतं?

मम्मी: गिरणीवाली हसायची मला. म्हणायची, म्हशीला नेतीस का? मी म्हणायची, न्हाई गं बाई, मालकाला.

पप्पा: तुझी चूक नाही, विजू. डॉक्टरनं एक शब्द सांगितला अन् पुढचा पेशंट आत घेतला. आपण तरी कुठं विचारलो?

मिनल: आणि भात बंद करायची काहीच गरज नव्हती. साध्या भातात फायबर फार नसतं, पण पोटाला त्रासही देत नाही. आधी भात, बटाटा, रताळं असं मऊ खायचं, मग बाकीचं थोडं थोडं. एकदम नाही, हळूहळू वाढवायचं, पाणी भरपूर प्यायचं. काही आठवडे जातील म्हणाल्या, पण फरक पडतो. आणि मेन म्हणजे उपाशी राहायचं नाही.

पप्पा: बरं. सोमवारपासून कर तुझ्या मॅडमच्या मनासारखं. ती पिशवी दे इकडं.

मिनल: ताट तसंच आहे तुमचं. हातच लावला नाहीत.

पप्पा: भूक नाही आता.

मम्मी: सकाळी बी नुस्ता चहा घेतला. म्हणला, डब्यातलं खाईन.

मिनल: डब्यातलं खात नाहीत ते, मम्मी. समाधानकाका म्हणतात, आमचा ज्योतीराम तर कँटीनच्या दारापर्यंतसुद्धा येत नाही.

मम्मी: मग डबा रिकामा कसा येतो रोज? घासल्यावानी?

पप्पा: बसच्या स्टॉपवर गोजाबाई बसते ना, फुटाणेवाली. तिला देतो.

मम्मी: तरीच. परवा बाजारात मला म्हणाली, चपात्या लई कडक करतीस गं बाई. मी म्हणलं हिला कसं ठावं?

मिनल: पप्पा, म्हणजे रात्री घरी येईपर्यंत काहीच नाही? सेकंड शिफ्ट अख्खी उपाशी?

पप्पा: खाल्लं की जावं लागतं. नाही खाल्लं तर जावं लागत नाही. सोपा हिशोब आहे.

मिनल: टोकन असतंय ना मग जायला?

पप्पा: तू लहान आहेस.

मिनल: दहावीला आहे मी.

पप्पा: एक दिवस मी तिसऱ्यांदा टोकन घ्यायला गेलो. सुपरवायझरनं ते खिळ्यावरनं काढलं, त्याला सुतळी बांधली अन् माझ्या गळ्यात घातलं. म्हणला, तू हे घालूनच काम कर, सारखं खिळ्यापर्यंत जायचा त्रास नको. शिफ्ट संपेस्तोवर गळ्यात होतं. सगळी लाईन हसली. हसण्यासारखंच होतं म्हणा. लाईनवरच्या विक्कीनं मोबाइलमध्ये फोटो पण काढला.

मम्मी: मला बोलला न्हाई तुमी.

पप्पा: काय बोलू? त्या दिवसापासून मी टोकनला हात लावला नाही. मग नाव पण बंद झालं आपोआप. आता सुपरवायझर दुसऱ्यांना सांगतो, बघा ज्योतीराम कसा सुधारला. पर्मनंटसाठी माझं नाव वर पाठवतो म्हणलाय.

मिनल: पण मॅडम म्हणाल्या, उपाशी राहिलं की आयबीएसवाल्यांचं पोट उलट जास्त आवळतं.

पप्पा: आवळतं की. ते मला मॅडमनं सांगायची गरज नाही.

मिनल: मग आवळलं की काय करता?

पप्पा: दाबून धरायचं. डाव्या हातानं, असं. बेंबीच्या खाली. घाम येतो, डोळ्यापुढं जरा अंधारतं, पण जातं निघून.

मिनल: काम करताना?

पप्पा: मग काय, काम थांबवून?

मिनल: पप्पा, तुमची प्रेस मशीन तर दोन हातांची आहे ना?

पप्पा: बस यायली. पिशवी दे, विजू.

मिनल: तुम्हीच मला समजावलं होतं, या ताटाच्या कडेला दोन वाट्या ठेवून. दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. म्हणजे साचा येताना दोन्ही हात बाहेरच असणार. तुम्ही म्हणाला होतात, बघ, कसलं डोकं लावलंय, हात आत जाऊच शकत नाही. किती खूश होऊन सांगत होतात.

पप्पा: तेव्हा नवीन होतो.

मिनल: डावा हात पोटावर असतो, मग डावं बटण कोण दाबतं?

मम्मी: बोला की अवं. पोरगी काय इचारती?

पप्पा: ते दाबलेलंच असतं.

मम्मी: म्हंजी?

पप्पा: फटीत काहीतरी खोचलं की बटण वर येत नाही. मग नुसतं उजवं दाबायचं. मी एकटाच करतो असं नाही, सगळेच करतात. नाही तर टार्गेट कुणाच्या बापानं होत नाही. सुपरवायझर बघतो अन् मान वळवतो.

मिनल: काय खोचलंय तुम्ही?

पप्पा: खोडरबर. तुझ्या कंपासमधलं.

मिनल: गुलाबी?

पप्पा: हां. बरोबर बसतं ते. निसटत नाही.

मिनल: त्याच्यासाठी मी नेहाशी भांडले होते. तिनं घेतलं म्हणून.

पप्पा: नवीन आणून देतो, माय.

मिनल: पप्पा, अपेक्षा अजून एक म्हणाली. पैज लावताना खिदळत होती, मग मला जिन्यापाशी बाजूला घेतलं. म्हणाली, तुझ्या पप्पांना प्रितमच्या मशीनवर टाकलंय, त्यांना जपून राहायला सांग. मी म्हटलं, प्रितमदादा तर गावाला गेला, पप्पांनीच सांगितलं. तर ती म्हणाली, का गेला ते विचार त्यांना.

मम्मी: प्रितम म्हंजी त्यो तुमच्याकडचा लातूरचा पोरगा? दिवाळीला आपल्याकडं चिवडा खाऊन गेल्याला?

पप्पा: गावालाच आहे तो. खोटं नाही बोललो.

मिनल: का गेला?

पप्पा: सुट्टीवर.

मिनल: पप्पा.

पप्पा: तीन बोटं गेली त्याची. डाव्या हाताची.

मम्मी: आई गं.

पप्पा: दुसऱ्या दिवशी मशीन धुऊन काढली अन् मला उभं केलं तिथं. मी नाही म्हणलो असतो तर विक्कीला केलं असतं. मशीन काय बंद राहते का?

मिनल: त्याच्या बटणात काय होतं?

पप्पा: वॉशर.

मम्मी: थांबा. थांबा जरा. गेल्या हप्त्यात तुमच्या हातमोज्याचं टोक कापून आलं व्हतं. मी धुताना बघितलं. तुमी म्हणला, पत्र्याला अडकलं. मी दोऱ्यानं शिवून दिलं.

पप्पा: पत्र्यालाच अडकलं.

मम्मी: कंच्या पत्र्याला? डावा हातमोजा व्हता त्यो.

(पप्पा डावी मूठ उघडतात, मिटतात.)

पप्पा: पत्र्याचा पीस तिरका बसला होता साच्यात. असा वाकडा पीस दिसला की हात सरळ करायला जातोच, सवयच असते ती. उजवा बटणावर होता. डावा मोकळा. तो पोटावरनं उठला अन् गेला. मी त्याला जा म्हणलो नव्हतो. मला कळलं तेव्हा साचा वर निघाला होता अन् मोज्याचं टोक आत राहिलं होतं. बोट आहे की नाही ते मी मोजा काढून बघितलं.

मम्मी: आन् मी त्येला टाका घालून परत दिला तुमच्या हातात.

मिनल: आणि रबर?

पप्पा: आहे तिथंच.

मिनल: त्याच्यानंतरसुद्धा?

पप्पा: तुला सोपं वाटायलंय. हे बघ. रबर काढलं तर मला दोन्ही हात लागतात. दोन्ही हात लागले तर पोट धरता येत नाही. पोट धरलं नाही तर जावं लागतं. जायचं तर टोकन. टोकनला हात लावला की परत माझ्या गळ्यात सुतळी, अन् पर्मनंटमधलं नाव गेलं. आता सांग, यातलं काय काढू?

मिनल: म्हणून तर भात बटाटा खाऊन पोट नीट करायचंय ना.

पप्पा: तूच म्हणलीस, आठवडे लागतात. शिफ्ट आज तीनला आहे.

मम्मी: आजच्या दिस जाऊ नगा.

पप्पा: आज शनिवार, मोठी ऑर्डर निघायली. आज दांडी मारली तर सोमवारी गेटवरनं परत. कंत्राटी माणसाला कारण नसतं, विजू. नुसतं उद्यापासून येऊ नको म्हणतात.

मम्मी: मग बटान मोकळं करा अन् दुसरं काम मागा. झाडू मारीन म्हणा.

पप्पा: कारण विचारतील. काय सांगू? पोट दुखतं? हसतील परत.

मिनल: हसू देत की. मी आज हॉलमध्ये बोलले तेव्हाही हसले. पहिल्यांदा हसतात, मग दोघी तिघी येऊन हळूच म्हणतात, माझ्या बाबांनाही असंच होतं. खरंच. एक तर रडली.

पप्पा: शाळा अन् कंपनी सारखी नसते.

मिनल: माहितीये. शाळेत साचा खाली येत नाही.

मम्मी: मिनू, बापाला टोचू नगं.

मिनल: टोचत नाहीये मी. मला हसायलाच येत होतं सकाळी. मी सगळ्या रस्त्यानं विचार करत आले की टोकनभाऊ म्हटल्यावर पप्पांचं तोंड कसं होईल.

पप्पा: हॉर्न वाजला. आली बस. हे बघा दोघी, शब्द देतो. आजचा दिवस जाऊ द्या. सोमवारी गेल्या गेल्या रबर काढतो. भात खातो, तू म्हणशील ते खातो. फक्त आजचा दिवस.

मिनल: प्रितमदादाही असंच म्हणाला असेल कुणाला तरी.

पप्पा: त्याला इथं कोण होतं म्हणायला? खोलीवर एकटा राहायचा पोरगा.

मम्मी: मला काय सुचंना झालंय. तुमी गेलं तरी जीव जातोय अन् न्हाई गेलं तरी.

पप्पा: सोड, मिनू. पिशवी सोड. ड्रायव्हर थांबत नाही.

मिनल: सोडली. जा तुम्ही. मी अडवत नाही, अडवून तुम्ही थांबणारही नाही. पण मी ठरवलंय, आणि तुमच्या पाठीमागे नाही, दोघांच्या तोंडावर सांगतेय. तुमची बस वळली की मी समाधानकाकांना फोन लावणार. ते पर्मनंट आहेत, सेफ्टी कमिटीत आहेत. बटणातल्या रबराचं सांगणार, मोज्याचं सांगणार, पोटाचंही सांगणार. शिफ्ट लागायच्या आत ती मशीन बंद करा म्हणणार. त्यांनी ऐकलं नाही, तर मी मम्मीला घेऊन गेटवर येणार आणि तिथं बोलणार.

पप्पा: माझं नाव घेशील?

मिनल: घेणार.

पप्पा: कामावरनं काढतील मला.

मिनल: हो. काढतील बहुतेक.

पप्पा: विजू, हिला सांग काहीतरी.

मम्मी: मी काय सांगू? फोन माझाच हाय, आन् त्यो मी तिच्या हातात दिलाय.

मिनल: पाणी तरी पिऊन जा, पप्पा. मम्मी, रात्रीची वाट बघू नकोस. आज ते लवकर घरी येतील.